एक कंस कमी

नवतपाचा चौथा दिवस. गोळीबार चौकात
दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.
कूलरचा वाळा कोरडा वाजतोय
आणि मी तीनशे रुपयांच्या बोर्डाला
एक भाषा शिकवतेय.

बोर्ड कुठल्याशा वजनकाट्यातला.
हंसापुरीच्या भंगारवाल्यानं तोलूनच दिला मला,
ज्यानं जन्मभर तोललं त्याला.

भाषा लहानशी. स्कीम म्हणतात,
लिस्पच्या घराण्यातली धाकटी.
पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात सगळा संसार,
टेकेल तिथं चूल मांडते :
ज्यांच्या कंपन्या बुडाल्या
त्या बेवारशी यंत्रांवरसुद्धा.

फुकट नका म्हणू तिला. मोकळी म्हणा.
आमच्या गल्लीतला सावजी रस्सा वाढतो,
मसाल्याचं विचारलं की पंख्याकडे बघतो.
हिनं पातेल्यासोबत कागदही दिला हातात :
काय, किती, कोणत्या आचेवर.
आणि खाली एक ओळ :
बदल, वाट, पण पुढच्याला कागद दे.

तेराव्या मिनिटाला बोर्डानं डोळा उघडला.
दोन आणि तीन दिले, पाच परत आले.
इथं अधिकचं चिन्ह आधी, मग आकडे.
काम पुढं, माणसं मागून.
आमच्या घरात हे सांगावं लागत नाही.

मग मी माझं लिहिलेलं घातलं :
करवती काठाचा हिशेब,
कोणता धागा वर, कोणता खाली.
एक काम, जे स्वतःलाच हाक मारतं,
दर हाकेला एक धागा कमी करून,
हातात रिकामे दोन कंस उरेपर्यंत.

यंत्र म्हणालं : फाइल संपली, कंस उघडाच.

शाळेत बाई म्हणायच्या, आधी कंस सोडवा,
आम्हाला मथुरेतला आठवायचा.
इथले कंस लेकरं मारत नाहीत,
पोटाशी धरतात. लेकराच्या पोटाशी आणखी लेकरू.
आणि एक जण दार लावायला विसरला
की अख्खं घर नापास.

बाबा खाटेवरून उठून आले.
चौतीस वर्षं मागावर बसले,
माग किलोच्या भावानं गेला, बसायची सवय राहिली.
"काय झालं वं?"
"एक कंस कमी आहे."
"कुठं?"
"तेच तर."
"मले अक्षर नाही समजत तुह्ये.
पन हे उघडलं अन् हे मिटलं, येवढं समजते."

उजव्या हाताची बोटं उघडत गेली,
डाव्या हाताची मिटत.
डोळ्यांनी नाही शोधत ते,
तुटका धागा कधी डोळ्यांनी नव्हताच शोधला.
एकेचाळिसाव्या ओळीवर नख थांबलं.
"इथं सैल लागून रायलं."

तिथं नव्हता. चाळिसाव्या ओळीत होता.
"माग असता तं नसतो चुकलो,"
ते म्हणाले, आणि चष्मा पुसला.

काठ उमटला. फुल्या आणि ठिपके,
करवतीचे दात काळ्या पडद्यावर चढत, उतरत.
बाबांनी दातांवर बोट ठेवलं.
"हे येवढं काम कोनं केलं? नाव काय त्याचं?"
"नाव नाही दिलं. या भाषेत
बिननावाचं कामही चालतं.
जिथं जन्मलं तिथलं सोबत बांधून नेतं,
कुठंही पाठवा."
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
साडीच्या कोणत्या पदरावर
कोष्ट्याचं नाव असतं?

तेवढ्यात लाइट गेली.
करवत गेली, फुल्या गेल्या,
बोर्डाला पुन्हा एकही शब्द येईना.
पंख्याची पाती थोडा वेळ
स्वतःलाच हाक मारत राहिली.

"गेलं सारं?"
"यंत्र विसरलं."
"कागद हाय ना?"
"आहे."
"मंग रडतं काहून?
लाइट येतपावतर
कूलरमधी पानी टाकून घे."